कानाला घड्याळ कळत नाही

जूनचा शेवट असेल. शिरोळ तालुक्यातल्या आमच्या गावी, जेवणं उरकून आम्ही ओसरीवर बसलो होतो. दुपारी सडकून पाऊस झाला होता, वीज गेली होती आणि परसात रातकिड्यांनी नुसता कहर मांडला होता. आबा बराच वेळ अंधाराकडे बघत होते. मग म्हणाले, "उसावर एवढी औषधं मारत्यात, रातकिडं समदं मेलं बघ. पैलं पावसाळ्यात झोपू द्यायचं न्हाईत." बहीण आणि मी एकमेकांकडे बघत राहिलो. त्या किर्रर्र आवाजात आम्हाला शेजारी बसूनही मोठ्यानं बोलावं लागत होतं.

आबा तेव्हा त्रेसष्ट वर्षांचे होते. त्यातली अठ्ठावीस वर्षं इचलकरंजीत यंत्रमागावर गेलेली. त्यांना ट्रॅक्टर ऐकू येई, म्हशीचं रेकणं ऐकू येई, कीर्तनातला मृदंग तर पार गल्लीच्या टोकावरून ऐकू येई. मोबाइलची रिंग येत नसे. नातीचं बोलणं कळत नसे. "ऐकाय येतंय गं, पण कळंना," असं ते म्हणायचे आणि आई त्याला सोयीचं बहिरेपण म्हणायची. नको ते ऐकू येतं, हवं ते येत नाही, अशी तिची तक्रार. आम्हा पोरांनाही ते पटलेलं होतं. आबा खरंच सांगत होते, शब्दश: खरं सांगत होते, हे कळायला मला फार उशीर झाला.

भाद्रपद जवळ आला की आपल्याकडे आवाजावरचा वार्षिक वाद सुरू होतो. डीजे हवा की नको, ढोल किती, दहा वाजता बंद की बाराला. हा सगळा वाद आवाज म्हणजे उपद्रव, हे गृहीत धरून चाललेला असतो. ज्याला त्रास होतो त्यानं तक्रार करायची, पोलिसांनी यायचं, घड्याळ बघायचं. माझं म्हणणं असं की मोठा आवाज ही आधी शारीरिक इजा आहे आणि उपद्रव नंतर. आणि ही इजा सगळ्यात जास्त ज्यांना होते ते कधीच तक्रार करत नाहीत, कारण ते आवाजाच्या मधोमध उभे असतात; काही पोटासाठी, काही हौसेनं.

इजा म्हणजे नक्की काय, हे समजायला कानात थोडं आत जावं लागतं. कानाची आकृती शाळेत आपण सगळ्यांनी रंगवलेली असते. पाळी, नळी, पडदा, मग हातोडा, ऐरण, रिकीब. रिकीब हे शरीरातलं सर्वांत लहान हाड, जेमतेम तीन मिलिमीटरचं. ही तीन हाडं तिथे कशाला, हे मात्र शाळेत कुणी सांगितल्याचं मला आठवत नाही. विहिरीत बुडी मारलेल्या पोराला काठावरून हाक मारून बघा. त्याला काही कळत नाही, कारण हवेतला आवाज पाण्यात शिरायला राजी नसतो. जवळपास सगळा पृष्ठभागावरून परत फिरतो. आणि आपला आतला कान द्रवानं भरलेला आहे. मग आवाजाला आत ढकलायचं कसं? रुंद पडद्यावर पडलेला दाब या हाडांच्या तरफेतून जवळपास सतरा ते वीस पट लहान असलेल्या खिडकीवर एकवटायचा. खिळ्याच्या रुंद डोक्यावर हातोडी मारावी आणि जोर टोकाशी यावा, तसं.

त्या खिडकीपलीकडे शंखिका आहे. गोगलगायीच्या शंखासारखी अडीच-पावणेतीन वेढ्यांची नळी, उलगडली तर साधारण ३५ मिलिमीटर भरेल. तिच्यात लांबीभर एक पट्टी ताणलेली असते. दाराशी अरुंद आणि ताठ, टोकाकडे रुंद आणि सैल. पेटीच्या पट्ट्यांसारखी इथे स्वरांची जागा ठरलेली आहे. बारीक, तीव्र आवाज दाराशीच पट्टी हलवतात, खर्जातले आवाज टोकापर्यंत जातात. गेओर्ग फॉन बेकेशी या शास्त्रज्ञानं मृत माणसांच्या कानात ही लाट धावताना पाहिली आणि १९६१ साली त्याला त्याबद्दल नोबेल मिळालं.

पट्टीवर पेशींच्या ओळी आहेत. एका कानात आतल्या ओळीत सुमारे साडेतीन हजार, बाहेरच्या ओळींत बारा हजार. डोळ्याच्या पडद्यावर प्रकाश टिपणाऱ्या पेशी दहा कोटींहून जास्त असतात. कानाचा सगळा संसार पंधरा-सोळा हजारांत. प्रत्येक पेशीच्या डोक्यावर केसांसारख्या तंतूंचा झुबका असतो आणि शेजारशेजारचे तंतू टोकाशी अतिसूक्ष्म धाग्यांनी बांधलेले असतात. पट्टी हलली की झुबका कलतो, धागा ताणला जातो, बारीकशी दारं उघडतात, पोटॅशियम आत शिरतं आणि मेंदूकडे निरोप निघतो. आतल्या ओळीच्या पेशी निरोप धाडतात. बाहेरच्या ओळींच्या पेशी आवाजाच्या तालावर स्वत: आखडतात आणि लांबतात, अक्षरश: नाचतात, आणि तो नाच क्षीण आवाजाला बळ देतो. त्यामुळे कान नुसता ऐकत नाही, तो स्वत:ही अगदी हळू आवाज करतो. १९७८ मध्ये डेव्हिड केम्प यांनी तो मायक्रोफोननं टिपला. आज बाळ जन्मल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्याच्या कानात मऊ बूच घालून जी तपासणी करतात, ती बहुतेक वेळा याच आवाजाची असते. झोपलेल्या बाळाला काही विचारावं लागत नाही, त्याचा कानच उत्तर देतो.

किती हळू आवाज या यंत्राला कळतो? अगदी पुसट आवाजाला कानाचा पडदा हायड्रोजनच्या एका अणूच्या व्यासापेक्षाही कमी हलतो, आणि तरी ऐकू येतं. त्या पुसट आवाजापासून कान दुखवणाऱ्या आवाजापर्यंत शक्तीचा फरक एकावर बारा शून्यं इतका. एवढं मोठं अंतर मावावं म्हणून डेसिबलची मोजपट्टी वेगळ्या हिशेबानं केली आहे आणि इथेच सगळ्यांची फसगत होते. ८० चे ९० डेसिबल झाले तर ऐकणाऱ्याला आवाज दुप्पट वाटतो, कानावर पडणारी शक्ती मात्र दहापट झालेली असते. नुसते तीन डेसिबल वाढले तरी ती दुप्पट होते. वर्तमानपत्रात "यंदा आवाज केवळ चार डेसिबलनं वाढला" असं वाचलं की मला त्या "केवळ"ची गंमत वाटते.

एवढ्या नाजूक झुबक्यांवर तासन् तास मोठा आवाज आदळत राहिला की तंतू वाकतात, धागे तुटतात, पेशी दमून विषारी कचऱ्यानं भरतात आणि मरतात. मेलेल्या पेशीच्या जागी नवी येत नाही. पक्ष्यांत येते, कोंबडीच्या कानात या पेशी पुन्हा उगवतात हे १९८० च्या दशकाच्या शेवटी लक्षात आलं. डीजेच्या भिंतीपुढे कोंबडीचं पिल्लू बांधून ठेवलं तर काही आठवड्यांत त्याचा कान बराचसा सावरेल. शेजारी नाचणाऱ्या पोराचा सावरणार नाही.

पहिल्यांदा मरतात त्या दाराजवळच्या, तीव्र स्वरांच्या पेशी. बाहेरची नळीच अशी लांबीची आहे की ३००० हर्ट्झच्या आसपासचा आवाज तिच्यात घुमून वाढतो, आणि त्याच्या जरा वर, ४००० हर्ट्झला, सगळ्यात आधी ऐकण्यात खड्डा पडतो. रातकिड्यांचं किरकिरणं साधारण याच पट्ट्यात असतं. आबांचे रातकिडे तिथे मेले होते. माणसाच्या बोलण्यात स्वर खालच्या पट्टीत आणि दमदार असतात, तर स, श, ख, थ, फ ही व्यंजनं म्हणजे वरच्या पट्टीतला नुसता वारा. आवाज स्वरांचा, अर्थ व्यंजनांचा. पाच, पास, पाठ, पाप हे चारही शब्द आबांना "पा" असे ऐकू येत. मग संदर्भावरून जुळवायचं, चुकलं तर हसं करून घ्यायचं, आणि हळूहळू लग्नकार्यात कोपऱ्यातली खुर्ची धरायची. ऐकू येतंय पण कळंना, याहून नेमकं निदान कुठल्याही डॉक्टरनं केलं नसतं.

प्रत्येक बहिरेपण आवाजामुळे येत नाही, हे सांगायला हवं. लहानपणी वाहणारा कान, पडद्याला पडलेलं भोक, दट्ट्या होऊन बसलेला मळ, त्यावर घातलेलं कोमट तेल आणि त्यात खुपसलेली काडी. स्ट्रेप्टोमायसिन, अमिकासिनसारखी औषधं. गरोदरपणातला रुबेला, बाळाची वाढलेली कावीळ, नात्यातली लग्नं, आणि वय. यातल्या कितीतरी गोष्टींवर उपाय आहे. पण पूर्णपणे माणसानं केलेलं आणि पूर्णपणे टाळता येणारं बहिरेपण शोधायचं तर ते आवाजाचंच.

आणि हे काही काल कळलेलं नाही. बर्नार्दिनो रामाझिनी या इटालियन वैद्यानं कारागिरांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला, त्याची वाढवलेली आवृत्ती १७१३ ची. त्यात त्यानं व्हेनिसच्या तांबटांविषयी लिहिलं आहे: दिवसभर तांबं ठोकून त्यांचे कान आधी दुखावतात आणि म्हातारपणी ते ठार बहिरे होतात. पुण्यात कसबा पेठेतल्या तांबट आळीत आजही मठाराचं काम चालतं. घंगाळ्यावर हातोडीचा एकेक ठसा उमटवत जाणारे हात आणि दर ठोक्याला कानाशी वाजणारा पत्रा. रामाझिनीला जे तीनशे वर्षांपूर्वी दिसलं ते आपल्याला दिसायला काही हरकत नव्हती. मराठीला तर ते केव्हाच दिसलं आहे. कानठळ्या बसणं, दडे बसणं, कान किटणं, कान बधिर होणं. एवढे शब्द ज्या भाषेत आहेत तिच्या लोकांना आवाज लागतो हे नव्यानं शिकवावं लागू नये.

दडे बसण्याचीच गोष्ट घ्या. मिरवणुकीतून घरी आलं की कानात कापूस कोंबल्यासारखं वाटतं, शिट्टी वाजत राहते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मोकळं होतं. मोकळं झालं म्हणजे नुकसान झालं नाही, असं डॉक्टरही बरीच वर्षं मानत. २००९ मध्ये शॅरन कुजावा आणि चार्ल्स लिबरमन यांनी उंदरांवर दाखवलं की ऐकण्याची पातळी पूर्ववत झाली, पेशीही शाबूत राहिल्या, तरी वरच्या पट्टीत पेशी आणि मज्जातंतू यांच्यातले निम्म्याच्या आसपास सांधे कायमचे गेलेले असतात. माणसात हे किती प्रमाणात होतं यावर अजून वाद चालू आहे. पण मोकळा झालेला कान आणि बरा झालेला कान एकच, असं आता कुणी छातीठोकपणे सांगत नाही.

आता कायद्याकडे येऊ. कारखान्यांसाठीचे आपले नियम इजेची भाषा बोलतात. आठ तासांच्या पाळीत ९० डेसिबल, ९५ असेल तर चार तास, १०० असेल तर दोन, ११५ ला पाव तास. आवाज जितका मोठा तितकी वेळ कमी, म्हणजे औषधासारखी मात्रा. अमेरिकेतली निओश ही संशोधन संस्था याहून कडक आहे; ती ८५ ला आठ तास देते आणि दर तीन डेसिबलला वेळ निम्मी करते. १९४८ च्या कारखाना कायद्यानं आवाजामुळे आलेलं बहिरेपण सरकारला कळवायलाच हवं अशा आजारांच्या यादीत घातलं. कागदावर आबांचा आजार शिशाच्या विषबाधेच्या पंक्तीला बसलेला होता.

प्रत्यक्षात धोट्याच्या मागाच्या शेडमध्ये शिरलं की शेजारच्याच्या ओठांकडे बघून बोलावं लागतं. चार मागांना एक माणूस, बारा तासांची पाळी, आवाज सहज ९५ च्या पुढे. शेडमधल्या माणसांची संख्या इतकी कमी, की कारखाना कायदा दारातूनच परत जायचा. आबा सुरुवातीला कानात सुताचे बोळे घालत. मुकादमानं ते काढायला लावले. धोट्याचा ठोका चुकला, तार तुटली, तर मागवाल्याला ते आधी आवाजावरून कळतं. बोळे घातले तर कापडात दोष जाणार. मुकादमाचं म्हणणं चूक नव्हतं. कापड निर्दोष गेलं आणि कान गेले, त्या हिशेबात कुणाचीच सही नव्हती.

रस्त्यावरचा कायदा २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांचा. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. रुग्णालय, शाळा, न्यायालयाभोवती १०० मीटरपर्यंत ५० आणि ४०. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद. वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस राज्य सरकार ही वेळ बारापर्यंत वाढवू शकतं. इथे एक गोष्ट मुद्दाम सांगायला हवी, कारण मंडळाचा कार्यकर्ता, नगरसेवक आणि कधीकधी बंदोबस्ताचा फौजदारही ती चुकीची सांगतो. ही सवलत वेळेची आहे. डेसिबलची नाही. त्या पंधरा दिवसांतही ध्वनिक्षेपकाच्या जागेच्या हद्दीवरचा आवाज त्या भागाच्या मर्यादेहून १० डेसिबलनं जास्त किंवा ७५, यांपैकी जे कमी असेल, त्याच्या वर जाता कामा नये. पुण्याच्या सीओईपी या अभियांत्रिकी संस्थेचे विद्यार्थी वर्षानुवर्षं विसर्जनाला लक्ष्मी रस्त्यावरच्या चौकाचौकांत आवाज मोजतात. सरासरी नव्वदच्या पुढे जाते, शंभरीही ओलांडते. शिवाय हे डेसिबल ज्या गाळणीतून मोजतात ती खर्जाला कमी वजन देते. छातीत बसणारा बेस आकड्यात पुरता उतरतच नाही.

न्यायालयांनी आपलं काम केलं आहे. सर्वोच्च न्यायालयाचा २००५ चा निकाल, ठाण्याच्या एका डॉक्टरांच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाचा २०१६ चा निकाल, आणि जानेवारी २०२५ मध्ये त्याच न्यायालयानं पुन्हा सांगितलेलं, की ध्वनिक्षेपक कोणत्याच धर्माचा अत्यावश्यक भाग नाही. या सगळ्यांमागे कुणीतरी खिडकीत उभा आहे: झोप मोडलेला, दवाखान्यात पडलेला, परीक्षेचा अभ्यास करणारा. त्याची बाजू खरीच आहे. पण त्यामुळे वाद कायम खिडकी विरुद्ध रस्ता असा राहतो, आणि रस्त्यावरचा माणूस आरोपीच ठरतो. २०२४ च्या गणपतीआधी हरित न्यायाधिकरणानं पुण्यातल्या पथकांना तीस वादकांची मर्यादा घातली, सर्वोच्च न्यायालयानं ती स्थगित केली, आणि पुणं आनंदलं. मीही आनंदलो, खोटं कशाला बोला. कॉलेजात असताना मी दोन वर्षं ढोल वाजवला आहे. नदीपात्रातला सराव, ताणलेलं पान, बोटांना बांधलेल्या चिकटपट्ट्या, आणि ताशानं इशारा दिला की शंभर ढोलांची एकदम पडणारी थाप. ती थाप पोटात ऐकू येते. तिची सर दुसऱ्या कशाला नाही.

पण तीस की शंभर, या भांडणात त्या तिसांच्या कानांचं काय, हा प्रश्न दोन्ही बाजूंपैकी कुणी विचारला नाही. तो विचारून बघू. पथकाच्या मधोमध १०० डेसिबल धरा, हा काही अतिरेकी आकडा नाही. निओशच्या हिशेबानं १०० ला दिवसाची मात्रा पंधरा मिनिटांत संपते. सहा तास वाजवलं तर चोवीस दिवसांची मात्रा एका दिवसात. त्याआधी दोन महिने रोज संध्याकाळी सराव. ढोलापेक्षा ताशा जास्त घातक, कारण त्याचा कडकडाट नेमका कानाच्या हळव्या पट्टीत पडतो. डीजेच्या भिंतीला पाठ लावून बारा-चौदा तास उभा असलेला पोलीस शिपाई तर वाजवतही नाही, नाचतही नाही. हेच शिपाई एखाद्या कारखान्यात उभे असते तर मालकाला त्यांना कर्णरक्षक द्यावे लागले असते, दरवर्षी कान तपासावे लागले असते. कसब्यातून अलका चौकाकडे चालताना तेच कान कायद्याच्या बाहेर का जातात, याचं उत्तर मला अजून कुणी दिलेलं नाही.

"वर्षातून एकदाच तर असतं" हा युक्तिवाद मी स्वत: केलेला आहे. तो अगदीच पोकळ नाही. एका मिरवणुकीनं सगळेच बहिरे होत नाहीत, आणि एकाच आवाजात दोघे उभे असले तरी दोघांचे कान सारखे बिघडत नाहीत. कुणाचे तरी आजोबा पंचाहत्तरीतही खणखणीत ऐकत असतातच. पण दहीहंडी, गणपती, नवरात्र, जयंत्या, वराती, फटाके, आणि उरलेले दिवस कानात खोचलेले इअरफोन. कानाचं खातं एकच आहे आणि त्यात फक्त खर्च होतो. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ च्या अहवालात तरुणांतल्या या धोक्याविषयी लिहिताना मोबाइल आणि मनोरंजनाची ठिकाणंच पुढे ठेवली आहेत. दुसरा आक्षेप मला जास्त टोचतो. आवाजाविरुद्ध बोलणारे बहुतेक वेळा बंद खिडक्यांच्या सोसायट्यांतले असतात, आणि ज्यांच्यासाठी वर्षाकाठी रस्ता चार दिवस आपला होतो त्यांच्यावर ते डाफरतात. हे खरं आहे. म्हणूनच मला वाटतं, वाद सोसायटीच्या झोपेवरून उचलून वाजवणाऱ्याच्या कानावर आणायला हवा. दहा वाजता बंद करा म्हणणारा त्याला शत्रू वाटतो. तुझे कान चाळिशीत जातील म्हणणारा निदान त्याच्या बाजूनं बोलतो आहे. आणि "आधी त्यांचे भोंगे उतरवा" म्हणणाऱ्यांना एवढंच, की शंखिकेला भोंग्याचा धर्म कळत नाही.

डोळ्याच्या बाबतीत आपण किती लगेच हललो ते आठवा. २०२३ च्या मिरवणुकांनंतर लेझरच्या झोतानं तरुणांच्या डोळ्यांना इजा झाल्याच्या बातम्या आल्या आणि पुढच्या वर्षी पुण्यात, कोल्हापुरात मिरवणुकीतल्या लेझरवर बंदीचे आदेश निघाले. डोळा गेला तर सकाळी उठल्यावर कळतं. कान वीस वर्षं लावतो, आणि तोवर दोष वयाला देता येतो.

वीस वर्षांनी तरी नोंद होते का? २०११ च्या जनगणनेत श्रवणदोष असलेले सुमारे ५० लाख लोक मोजले गेले. जागतिक आरोग्य संघटनेच्या नावानं नेहमी दिला जाणारा भारताचा अंदाज ६ कोटी ३० लाखांचा. दिव्यांगांविषयीचा २०१६ चा कायदा दोन्ही कानांत, बोलण्याच्या पट्टीत, ६० डेसिबलची घट झाल्यावर सुरू होतो. आबांची घट वरच्या पट्टीत, सरासरी काढली की साठच्या आत. म्हणजे यंत्र घ्यावं इतके ते बहिरे होते आणि सरकारनं मोजावं इतके नव्हते.

करायचं काय, तर फार थोर काही नाही. पथकांची नोंदणी होते तिथेच हंगामाआधी आणि नंतर वादकांच्या कानांचा आलेख काढावा. बंदोबस्ताच्या पोलिसांना जेवणाच्या पाकिटाबरोबर कर्णरक्षकांची जोडी द्यावी. फोमची जोडी चहापेक्षा महाग नसते. ध्वनियंत्रणा भाड्यानं देणाऱ्याच्या यंत्रावरच मर्यादा घालावी, म्हणजे मध्यरात्री मीटर घेऊन गर्दीत शिरलेल्या हवालदारावर सगळा भार येणार नाही. आणि खांद्यावर तान्हं पोर घेऊन स्पीकरपुढे उभ्या असलेल्या बापाला कुणीतरी हात धरून मागे न्यावं. हे शेवटचं कुठल्या नियमात बसवायचं, मला माहीत नाही.

माझा भाचा तेवीस वर्षांचा आहे, पथकात ताशा वाजवतो. गेल्या विसर्जनानंतर आठवडाभर त्याच्या कानातली शिट्टी थांबेना, तेव्हा मी त्याला ऑडिओलॉजिस्टकडे नेलं. काचेच्या खोलीत कानाला हेडफोन, हातात बटण; आवाज आला की दाबायचं. बाहेरून मला त्याचा अंगठा दिसत होता. बराच वेळ नेमानं दाबला जात होता, मग एकदम थांबला. तो गंभीर चेहऱ्यानं वाट बघत बसला होता आणि यंत्र वाजत होतं. आलेखात ४००० ला खड्डा होता, दोन्ही कानांत, फार खोल नाही. पुढे रेघ परत वर चढलेली. आबांचा आलेख आम्ही फार उशिरा काढला, त्यात ती रेघ कधीच वर आली नव्हती.

यंदा त्यानं वादकांसाठीचे मिळतात तसले, आवाज सारखा कमी करणारे प्लग घेतले आहेत. पथकात चौघांनी घेतले, दोघांनी आठवड्यात काढून टाकले. ढोल ऐकू येतात पण ताशाचा इशारा नीट कळत नाही म्हणे. मला मुकादम आठवला. पुन्हा तपासणी अनंत चतुर्दशीनंतर करायची ठरली आहे. त्याआधी निदान चौदा तास कानांना पूर्ण शांतता द्या, नाहीतर आलेख खरा येत नाही, असं तिथल्या बाईंनी बजावलं. बाहेर पडल्यावर गाडीला किक मारता मारता भाचा म्हणाला, "मामा, चौदा तास शांतता पुण्यात कुठे मिळते, ते पण विचारून ये ना."